जपानमध्ये शिकवायला निघालात? पहिल्या दिवसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेल्या मुलामुलींकडून आणि बरेचदा त्यांच्या आयांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त विचारणा व्हिसाबद्दल होते. माझ्या मते व्हिसा त्यातल्या त्यात सोपा. खरी कसोटी विमानतळाबाहेर पडल्यानंतरच्या दोन आठवड्यांत लागते, म्हणून उत्तरंही तिथेच लांबली आहेत. फी, फॉर्म आणि तारखा बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलातीचं आणि जपानी इमिग्रेशनचं संकेतस्थळ बघाच.

१. शिकवायला जायचं म्हणजे नक्की कुठली नोकरी?

मुख्य वाटा तीन. पहिली जेट प्रोग्रॅम. १९८७ साली सुरू झालेली ही जपान सरकारची योजना आहे. यात सरकारी शाळेत एएलटी, म्हणजे सहायक भाषा शिक्षक म्हणून काम मिळतं. भारतातून निवड दूतावासामार्फत होते आणि जागा फार थोड्या असतात. करार एकेका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. येण्याजाण्याचं विमानभाडं मिळतं. २०२५ च्या एप्रिलपासून पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ४० लाख २० हजार येन आहे.

दुसरी वाट खासगी कंपन्यांची. या कंपन्या महापालिकांशी करार करून शाळांना एएलटी पुरवतात. काम तेच, पगार मात्र कमी: महिना दोन ते अडीच लाख येनांच्या घरात, आणि काही कंपन्या शाळेच्या सुट्ट्यांच्या महिन्यांत त्यातूनही कापतात. करारात ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा पगार किती लिहिलाय तेवढं वाचा, बाकीचं आपोआप कळेल.

तिसरी वाट एइकाइवा, म्हणजे खासगी संभाषण वर्ग. तिथे दुपार ते रात्र काम असतं, शनिवार-रविवारीही असतं आणि विद्यार्थी चार वर्षांच्या पोरापासून निवृत्त आजोबांपर्यंत कोणीही.

२. बी.एड. लागतं का? जपानी भाषा यायलाच हवी का?

बी.एड. लागत नाही, पदवी मात्र हवीच. कुठल्याही शाखेची चालते. एएलटीसाठी जपानी भाषेची अट नसते. तरी हिरागाना आणि काताकाना वाचता येणं ही माझी स्वतःची किमान अट आहे. दोन्ही लिप्या महिनाभरात येतात आणि पहिल्याच आठवड्यात वसूल होतात. पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही तिथे आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलांना सोय नाही असं म्हणायला जागा नाही.

३. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. सेमी इंग्रजी होतं. चालेल का?

हा प्रश्न आधी विचारा, तिकिटाचे भाव नंतर बघा. सरकारी शाळेत शिकवणाऱ्यांना ‘इन्स्ट्रक्टर’ नावाचा निवासदर्जा, म्हणजे कुठल्या कामासाठी राहता येतं ते ठरवणारा व्हिसाचा प्रकार, लागतो. परदेशी भाषा शिकवायची असेल, तर त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी त्याची अट आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी आणि पदवी इंग्रजीत असा हिशेब मांडला तर पाचच वर्षं भरतात. एम.ए. धरलं तरी सात. गणित-विज्ञान इंग्रजीत होतं म्हणून सेमीवाले आशा धरतात, पण शाळेच्या दाखल्यावर माध्यम ‘मराठी’ असेल तर ती वर्षं मोजली जातील असं समजून नोकरी सोडू नका.

मग रस्ता बंद का? नाही. एइकाइवाला लागणारा दर्जा वेगळा आहे (‘ह्युमॅनिटीज / इंटरनॅशनल सर्व्हिसेस’). तिथे भाषा शिकवणाऱ्या पदवीधराला या बारा वर्षांच्या अटीची चौकट नाही. तरी तुम्ही ती भाषा शिकवायला लायक आहात हे कागदावर दाखवावं लागतं. आणखी एक वाट मराठी माध्यमवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही: जेटमध्येच सीआयआर नावाचं पद आहे. स्थानिक सरकारी कार्यालयात बसून आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचं काम करायचं, भाषांतर करायचं आणि अधूनमधून शाळांत जाऊन आपल्या देशाबद्दल बोलायचं. त्याला जपानी चांगलं यावं लागतं. पुण्यात जेएलपीटीच्या एन-टू, एन-वन या वरच्या पातळ्यांपर्यंत पोचलेल्या मुलामुलींनी एएलटीच्या मागे लागण्याआधी हे बघावं.

इंग्रजी माध्यमवाल्यांनी पहिलीपासूनच्या प्रत्येक शाळेतून शिक्षणाच्या माध्यमाचा उल्लेख असलेलं पत्र आधीच आणून ठेवावं. मे महिन्यात शाळेच्या ऑफिसात कोणी सापडत नाही.

४. आपले उच्चार भारतीय. त्यावरून नाकारतात का?

काही खासगी कंपन्या जाहिरातीतच ‘नेटिव्ह’ लिहितात आणि भारतीय नाव बघून उत्तर देत नाहीत. ते तसंच आहे, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण एकदा वर्गात उभं राहिल्यावर उच्चारापेक्षा वेग आडवा येतो. आपण इंग्रजी धडाधड बोलतो. हळू बोला, शब्द सुटे करा, वाक्य छोटं ठेवा. मुलांना समजलं की शिक्षक खूश, शिक्षक खूश की पुढच्या वर्षीचा करार.

५. व्हिसाच्या कागदांचा क्रम कसा असतो?

आधी नोकरी. मग मालक जपानमधल्या इमिग्रेशनकडे तुमच्यासाठी पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज करतो. सगळे त्याला सीओई म्हणतात. ते यायला साधारण एक ते तीन महिने लागतात. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरावं लागतं, म्हणून ते हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. आता हे प्रमाणपत्र ईमेलनेही येतं. पुढचा व्हिसाचा अर्ज इकडे भारतात. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वकिलातीच्या हद्दीत येतात. अर्ज व्हीएफएस केंद्रात स्वीकारतात. सीओई असेल तर व्हिसा सहसा अडत नाही. तरुणांसाठीच्या वर्किंग हॉलिडे व्हिसाबद्दल बरेच जण विचारतात. भारतीयांना तो उपलब्ध नाही.

६. सोबत पैसे किती असावेत?

पहिला पगार हातात येईपर्यंत जगता येईल एवढे. जेटमधल्यांना बहुधा पहिल्याच महिन्यात काहीतरी मिळतं. खासगी कंपनीत एप्रिलच्या कामाचा पगार मेच्या अखेरीला, असाही प्रकार असतो. कंपनीने तयार घर दिलं असेल तरी दोन ते तीन लाख येन जवळ हवेत. घर स्वतः घेणार असाल तर अनामत, घरमालकाला द्यायचं बिनपरतीचं रेइकिन, एजंटाची फी आणि हमी कंपनीची फी मिळून भाड्याच्या चार-पाच पट रक्कम एकदम जाते. फॉरेक्स कार्ड आणि रोख दोन्ही ठेवा. कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं. लहान गावातल्या भाताच्या खानावळीत मात्र रोख लागते.

७. बॅगेत काय भरू? आई म्हणते मसाले, डाळी, लोणचं, मिक्सर, कुकर सगळं ने.

आईच्या यादीतलं अर्धं न्यायचं आणि अर्धं घरी ठेवायचं. कुठलं अर्धं, ते सांगतो.

मसाले दुकानातले, वाळलेले, सीलबंद पाकिटातले न्या. त्यांना अडचण येत नाही. घरचा गोडा मसाला पॉलिथिनच्या पिशवीत गाठ मारून नेला तर तो काय आहे, हे तपासनिसाला जपानीत समजावण्याची तयारी ठेवा. लोणचं प्रक्रिया केलेलं असल्यामुळे चालतं. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे असला ताजा माल नेऊच नका, भारतातून त्यातल्या बऱ्याचशावर बंदीच आहे. कच्च्या डाळी, कडधान्यं, बियाणं या सगळ्याला निघतानाच्या देशाचा वनस्पती तपासणी दाखला लागतो. तो नसेल तर माल विमानतळावरच राहतो. तूरडाळ तिकडे मिळते, तेव्हा तीन किलो डाळीसाठी रांगेत उभं राहू नका. मांसाचे पदार्थ कुठल्याही रूपात नेऊ नका. पाकिटातलं चिकन लोणचंसुद्धा नाही. कोकणातून विचारणा होते म्हणून सांगतो: सुके बोंबील मासे असल्यामुळे मांसाच्या त्या नियमात येत नाहीत. सुके मासे जपान्यांना नवीन नाहीत. एका खोलीच्या घराचा वास मात्र तुमचा तुम्ही सांभाळा.

मिक्सर ठेवून जा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो, चटणी काही होत नाही. प्लगच्या पिना दोन चपट्या असतात. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांना फक्त अडॅप्टर लागतो. कुकर जरूर न्या, पण बुडाशी लोहचुंबक चिकटतं का ते बघून. कारण बऱ्याच घरांत इंडक्शन असतं.

उरलेल्या जागेत कामाच्या गोष्टी: पदवीचं मूळ प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचे बरेच फोटो, एक गडद सूट आणि सहज काढता येतील असे बूट. पुरुषांचा पाय मोठा असेल तर बूट इथूनच न्या. २८ सेंटिमीटरच्या वरचे माप लहान गावात सापडत नाहीत.

८. औषधं किती नेता येतात?

डॉक्टरांनी लिहून दिलेली एका महिन्याची, आणि साधी दुकानातली दोन महिन्यांची. जास्त हवी असतील तर निघण्याआधी युन्यू काकुनिनशो नावाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. प्रमाणापेक्षा सामग्रीकडे जास्त लक्ष द्या. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असलेली औषधं जपानमध्ये निषिद्ध आहेत आणि आपल्याकडच्या काही सर्दीच्या गोळ्यांत ते असतं. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांनाही मर्यादा आहे. अँफेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून मगच बॅगेत टाका.

९. विमानतळावर काय काय होतं?

निघण्याआधी ‘व्हिजिट जपान वेब’वर माहिती भरली की कस्टमचं काम लवकर होतं. नारिता, हानेदा, चुबु, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनच्या खिडकीतच निवासपत्र मिळतं, झायर्‍यू कार्ड. खिडकी सोडण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि दर्जा तपासा. त्या क्षणापासून हे कार्ड सतत जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. ते असेल तर पासपोर्ट घरी ठेवला तरी चालतो. मोठ्या बॅगा ताक्युबिनने, म्हणजे घरपोच कुरियरने पाठवून द्या. दोन बॅगा घेऊन टोकियोच्या लोकलचे जिने चढण्यात कसलंही शौर्य नाही.

१०. पहिल्या आठवड्यात आधी काय करायचं: बँक, फोन की नगरपालिका?

आधी पत्ता, मग फोन, मग बँक. हा क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा वॉर्ड ऑफिसात पत्त्याची नोंद करायची असते. निवासपत्र आणि पासपोर्ट न्यायचा. कारकून कार्डाच्या मागे पत्ता छापून देतो. आता ते कार्ड खऱ्या अर्थाने कामाचं झालं. तिथेच जुमिनह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, एक-दोन प्रती काढून ठेवा, साधारण तीनशे येनला एक. आरोग्य विम्याचा प्रश्नही तिथेच सुटतो: मालकाने शाकाइ होकेनमध्ये, म्हणजे नोकरदारांच्या विम्यात, घेतलं नसेल, तर राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावाच लागतो. दोन्हींत दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्के तुम्ही भरता. २०२४ च्या डिसेंबरपासून जुनी विमा कार्डं देणं बंद झालंय. मायनंबर कार्ड (आपल्या आधारसारखं ओळखपत्र) नसेल तर त्याऐवजी पात्रतेचा एक कागद मिळतो, तो जपून ठेवा.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे टपालपेटीवर आपलं नाव चिकटवणं, काताकानात आणि रोमन अक्षरांत. दोन-तीन आठवड्यांनी मायनंबरचं पत्र रजिस्टर टपालाने येतं, बँकेचं कार्डही तसंच. पेटीवर नाव नसेल तर टपालवाला ‘इथे असं कोणी राहत नाही’ म्हणून सरळ परत नेतो. पूर्वीच्या भाडेकरूचं नाव पेटीवर तसंच राहिलेलं असतं आणि महत्त्वाची पत्रं त्यापायी फिरत राहतात.

फोनसाठी पत्ता छापलेलं निवासपत्र आणि क्रेडिट कार्ड न्या. बँक खातं मागणाऱ्या कंपनीकडे जाऊ नका. भारतीय क्रेडिट कार्ड घेणाऱ्या स्वस्त सिमच्या कंपन्या आहेत. बँक मात्र जपानी फोन नंबर मागतेच. बऱ्याच मोठ्या बँका सहा महिन्यांपेक्षा कमी वास्तव्य असलेल्यांना खातं देताना कां-कूं करतात. नव्याने आलेले बहुतेक जण टपाल खात्याच्या युचो बँकेपासून सुरुवात करतात. मालकाची बँक ठरलेली असेल तर त्यांच्याच माणसाला बरोबर घेऊन जा. आडनावाचा हांको, म्हणजे शिक्का, हल्ली सगळीकडे लागत नाही. करून ठेवला तर बिघडत नाही.

११. पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे. त्याने गोंधळ होतो का?

होतो, आणि भरपूर होतो. निवासपत्रावर पासपोर्टप्रमाणेच आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं सगळं एका ओळीत येतं. जपानी फॉर्मवर मात्र नावाला मोजक्या चौकटी असतात. काताकानात आपलं नाव लांबतं. क्षीरसागर किंवा धर्माधिकारी असाल तर आडनावातच चौकटी संपतात. शिवाय जपान्यांना मधलं नाव ही भानगडच माहीत नाही.

पहिल्या दिवशी काताकानातलं एकच रूप ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि नगरपालिका, बँक, फोन, विमा सगळीकडे तेच अक्षरन्‌अक्षर लिहा. एका ठिकाणी ‘व’ साठी एक अक्षर आणि दुसरीकडे दुसरं वापरलं की पगार खात्यात जमा न होता परत जातो. शाळेत वडिलांचं नाव विसरा. आडनावाला ‘सेन्सेई’ लागेल, किंवा आडनाव जड असेल तर पहिल्या नावाला. काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, नाहीतर निवासपत्रावरचं शेवटचं नाव उचलतात आणि वर्षभर तुम्हाला वडिलांच्या नावाने हाक मारतात.

१२. घर मिळालं, पण आत काहीच नाही. हे असंच असतं?

हो. काही नाही म्हणजे खरंच काही नाही: फ्रिज नाही, पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही आणि बरेचदा छताला दिवासुद्धा नाही, नुसता सॉकेट. दिवस मावळायच्या आत पोचा. वीज आणि पाणी फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होतं. गॅस मात्र कंपनीचा माणूस येऊन, शेगडी पेटवून, तुमची सही घेतल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून ती वेळ आधीच ठरवून घ्या. पोचण्याचा दिवस शुक्रवार असेल तर सोमवारपर्यंत थंड पाण्याने आंघोळ. जेटमधल्यांना बहुधा आधीच्या शिक्षकाचं सामान मिळतं, कधी फुकट, कधी विकत. जुन्या वस्तूंच्या दुकानांना रिसायकल शॉप म्हणतात; तिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन जोडीने घेतलं तर घरपोच देतात.

कचऱ्याचं वेळापत्रक नगरपालिकेतून पहिल्याच दिवशी मागून घ्या. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे वेगवेगळे, काही गावांत ठरलेल्या पिशव्याच लागतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी लाल चिठ्ठीसकट तिथेच राहते आणि अख्ख्या गल्लीला कळतं कोणाची ते.

१३. भूकंपाची भीती वाटते. काय तयारी ठेवावी?

फोन एकदम कर्कश ओरडतो, त्यानंतर काही क्षणांत हादरा येतो किंवा येतही नाही. टेबलाखाली जा, डोकं झाका, थांबल्यावर दार उघडा. आपल्या भागाचं आसरा केंद्र कुठलं आहे ते पत्त्याची नोंद करतानाच विचारा; ते बहुधा तुमचीच शाळा निघतं. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

१४. ऑगस्टमध्ये पोचलो तर शाळा बंद. मग दिवसभर करायचं काय?

बसायचं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. जेटवाले मात्र जुलैअखेर-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. दुसरं सत्र सप्टेंबरच्या सुमारास उघडतं, थंड प्रदेशात थोडं आधी. तोवर शिक्षण मंडळाच्या कार्यालयात किंवा सुनसान शिक्षककक्षात टेबलाशी हजर राहायचं. काम नसलं तरी वेळेवर यायचं, वेळ संपेपर्यंत बसायचं. आपल्याकडच्या लोकांना हे फार जड जातं. तेवढ्यात स्वपरिचयाचा तास तयार करा (प्रश्न १५), सहकाऱ्यांची नावं पाठ करा आणि सुट्टीतही चालणाऱ्या खेळाच्या सरावाला जाऊन उभे राहा. सप्टेंबरमध्ये वर्गात ओळखीचे चेहरे असतील.

जाताना शिक्षककक्षासाठी खाऊ न्यायची पद्धत आहे. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता यावा म्हणून सुटा गुंडाळलेला हवा. लोणावळ्याची चिक्की बरी, पण शेंगदाण्याची असेल तर ॲलर्जीवाल्यांसाठी चिठ्ठी लावून ठेवा. पेढ्यांचा खोका नेऊ नका, बोटांनी उचलायची मिठाई तिथे तशीच पडून राहते.

१५. पहिल्या तासाला काय शिकवायचं? वर्गात मी एकटा असतो का?

पहिला तास स्वपरिचयाचा, जिकोशोकाई. तुम्ही एकटे नसता. वर्गात जपानी शिक्षक असतो आणि शिस्तीची जबाबदारी त्याची. २०२० पासून प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी पूर्ण विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तासांची ओळख, गाणी-खेळ असं चालतं. तिसरीच्या मुलांना लोकसंख्येचे आकडे दाखवून काही होत नाही. एक नोट दाखवा आणि त्यावर किती भाषा आहेत ते मोजायला लावा. पाटीवर एखाद्याचं नाव देवनागरीत लिहून द्या. मग प्रत्येकाला आपलं नाव हवं असतं आणि घंटा होते तरी रांग संपत नाही.

आकडे, वार, रंग यांची तक्ती न्या, पण पहिल्या महिन्यात कुठल्या शिक्षकाला तुम्ही बोलावंसं वाटतं आणि कोणाला तुम्ही टेपरेकॉर्डरसारखं वाचून दाखवावंसं वाटतं, ते ओळखणं जास्त महत्त्वाचं.

खासगी कंपनीतर्फे आलेल्यांसाठी एक गुंतागुंत: काही करार कामाच्या कंत्राटाचे असतात. त्यात शाळेतल्या शिक्षकाने तुम्हाला थेट सूचना देणं कागदोपत्री बसत नाही, सगळं कंपनीमार्फत जायला हवं. म्हणून काही शाळांत शिक्षक तुमच्याशी तासाआधी बोलायला बिचकतात. तो तुमच्याशी तुटकपणे वागत नसतो, कराराशी वागत असतो.

१६. मी शाकाहारी आहे. शाळेतल्या जेवणाचं काय?

क्युशोकू, म्हणजे शाळेचं जेवण, सगळ्यांना एकच. पांढरे झगे आणि टोप्या घातलेली मुलं स्वयंपाकघरातून मोठाली पातेली दोघंदोघं धरून आणतात, ताटं वाढतात. दूध प्रत्येकाला. सगळ्यांनी मिळून ‘इतादाकिमास’ म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही. उरलेल्या पुडिंगसाठी हातांच्या खेळावर फैसला होतो आणि परदेशी शिक्षकाला त्यात सूट नाही. ही वेळ कामाच्या तासांपेक्षा जास्त ओळख करून देते, म्हणून डबा आणला तरी वर्गातच बसून खा.

ताटात मांस दिसत नसलं तरी दाशी असते. माशाच्या वाळवलेल्या तुकड्यांचा हा रस्सा सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळीकडे मुरलेला असतो. तो चालत असेल तर जगणं सोपं. चालत नसेल तर पहिल्याच आठवड्यात, करार चालू होतानाच, ‘क्युशोकू नको, डबा आणीन’ असं स्पष्ट सांगा, कारण महिन्याचे पैसे आगाऊ कापले जातात. ‘थोडं काढून टाकून द्या’ ही विनंती सामूहिक स्वयंपाकघरात चालत नाही. कारण विचारलं तर ‘धर्मामुळे’ किंवा ‘घरच्या पद्धतीमुळे’ एवढं पुरतं.

किराणा: टोकियोत असाल तर निशी-कासाई आणि शिन-ओकुबो इथे सगळं मिळतं. इतर ठिकाणी ग्योमु सुपर नावाच्या स्वस्त दुकानांत मसाले आणि छोले असतात, बाकी ऑनलाइन घरपोच. कोंबिनीतल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यात, मासा नाही असं वरून दिसलं तरी मागची यादी वाचा.

१७. टिकली, मंगळसूत्र, चमकी चालते का? पंजाबी ड्रेस?

टिकली आणि मंगळसूत्राला कोणी हरकत घेत नाही. मुली कुतूहलाने विचारतात तेवढंच. नाकातली चमकी मात्र विचारून घाला. मुलांना शाळेत कान टोचायचीही बंदी असते, त्यामुळे काही मुख्याध्यापकांना अवघड वाटतं. रोज साधा शर्ट-पँट, उन्हाळ्यात टाय नको. समारंभाला गडद सूट. साडी पहिल्याच समारंभाला नेसू नका, नंतर सांस्कृतिक कार्यक्रमाला नेसा, त्या दिवशी फोटोंना तोटा नसतो. शाळेत आतले बूट वेगळे, उवाबाकी. ते विकत घेऊन शाळेतच ठेवा.

१८. गाडी चालवता येईल का? सायकल?

जपानमध्ये गाड्या डावीकडूनच चालतात, हा आपला फायदा. भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पुढे भारतीय परवान्याचं जपानी परवान्यात रूपांतर करावं लागतं, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा देऊन. २०२५ च्या ऑक्टोबरपासून लेखी परीक्षा ५० प्रश्नांची आहे आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. दोन खाचा: भारतीय परवाना मिळाल्यानंतर तीन महिने भारतात राहिल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात काढलेला परवाना रूपांतराला कुचकामी. आणि दिवाळीला आठवडाभर घरी जाऊन नवा आंतरराष्ट्रीय परवाना आणला तरी वर्ष नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी तीन महिने जपानबाहेर राहावं लागतं.

सायकल घेतली की दुकानातच नोंदणी करून घ्या. डबलसीट नाही, छत्री धरून नाही. २०२६ च्या एप्रिलपासून सायकलस्वारांनाही जागेवर दंड आहे. फोन हातात दिसला तर १२ हजार येन.

१९. गणपतीला सुट्टी मिळेल? आसपास मराठी माणसं भेटतील?

कायद्याने पगारी रजा सहा महिने पूर्ण झाल्यावर मिळते, दहा दिवस. जेटमध्ये सुरुवातीपासूनच मिळते. म्हणजे एप्रिलमध्ये खासगी कंपनीत लागलात तर पहिल्या गणपतीला बहुधा हजेरीच. टोकियो मराठी मंडळासारखी मंडळं उत्सव सोयीच्या शनिवार-रविवारी ठेवतात. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकीमध्ये एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. शिमानेच्या डोंगरात नेमणूक झाली तर मात्र मराठी कानावर पडायला फोनच. तिथली माणसं दारात भाज्या आणून ठेवतात, हे लक्षात असू द्या.

२०. दुसऱ्या वर्षी जूनपासून पगार कमी का आला?

रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, साधारण १० टक्के. पहिल्या वर्षी तुमचं जपानी उत्पन्न नसतं म्हणून कापला जात नाही, पुढे जूनपासून सुरू होतो. म्हणून पहिल्या वर्षीचा पगार हा कायमचा पगार धरून भाड्याचं घर घेऊ नका.

२१. संध्याकाळी भारतातल्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेतली तर चालेल?

परवानगीशिवाय नाही. निवासदर्जाबाहेरचं कमाईचं काम करायला इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते. पैसे रुपयांत, भारतातल्या खात्यात येतात, म्हणून प्रश्न मिटत नाही. काम जपानमध्ये बसून होतंय. मालकाची संमती वेगळी. सरकारी शाळेच्या एएलटींना ती सहजासहजी मिळत नाही.

२२. कंपनी पटली नाही, मधेच दुसरी धरली तर?

निवासदर्जा कंपनीला बांधलेला नसतो, कामाच्या प्रकाराला बांधलेला असतो. एका एएलटी कंपनीतून दुसरीत गेलात तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवलं की पुरे. सरकारी शाळेतून एइकाइवात गेलात तर दर्जाच बदलून घ्यावा लागतो आणि तो बदलेपर्यंत नवीन काम सुरू करता येत नाही (दोन्ही दर्जांचा फरक प्रश्न ३ मध्ये). घर कंपनीचं असेल तर नोकरीसोबत घरही जातं, म्हणून आधी राहण्याची सोय करा आणि मगच राजीनामा.

२३. पगारातून कापलेलं पेन्शन परत मिळतं का?

सहा महिने किंवा जास्त भरलं असेल तर मिळतं. जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत दात्ताई इचिजिकिन नावाच्या एकरकमी परताव्याचा अर्ज करायचा. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मिळवायचा असेल तर निघण्याआधी जपानमध्ये कराचा प्रतिनिधी नेमून ठेवावा लागतो, एखादा विश्वासू मित्रही चालतो. दहा वर्षं भरली असतील तर मात्र परतावा नाही. मग म्हातारपणी पेन्शन.

भारतीयांसाठी इथे एक फाटा आहे. १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्यामुळे दोन्ही देशांत भरलेली वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. पण एकदा एकरकमी परतावा घेतला की जपानमधली ती वर्षं जोडण्यातून कायमची वजा होतात. तीन वर्षं राहून परत यायचं पक्कं असेल तर बहुतेक जण परतावा घेतात. पुन्हा जपानला जायचं मनात असेल तर अर्ज भरण्याआधी दोन वर्षांची ती मुदत विचार करायला वापरून घ्या.